धर्मशाळेला लावलेला शेंदूर

आमच्या महाळुंग्यात नवं सांस्कृतिक भवन होतंय ना, त्याची गंमत सांगते. त्याच्या आवारात जुनी दगडी धर्मशाळा आहे. सोमवारच्या व्रताचा दिवा मी तिथंच लावते. इंजिनिअर म्हणाला, "काकू, धर्मशाळा जशीच्या तशी ठेवणार." गावामागच्या टेकडीबद्दलही साहेबलोक असंच म्हणाले होते; आज तिथं कंपनी आहे. म्हणून मी न् जाऊबाई रात्री गुपचूप शेंदूर घेऊन गेलो. शेंदराच्या दगडावर घण कोण घालतंय? मी चौकटीला लावला, जाऊबाई मागच्या बाजूला गेल्या.

सकाळी इंजिनिअर हात जोडून दारात. "काकू, धर्मशाळा राहणारच होती. पाडायची होती ती मागची मुतारी. तिलाही शेंदूर फासलाय, मजूर पहार उचलेनात."

मी जाऊबाईंकडे पाहिलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "संशय घ्यायचाच, तर अर्धा कशापायी घ्यायचा?"