सायकलस्वारांचे सहर्ष स्वागत

...आणि वर मालक मलाच म्हणतात, मॅनेजर, तुमच्या चेहऱ्यावर स्वागत दिसत नाही. आता तुम्हीच सांगा, स्वागत काय नाकावर दिसतं का माणसाच्या? बावीस वर्षं मी त्या हॉटेलच्या काउंटरमागे उभा आहे, अठरा खोल्यांच्या किल्ल्या मला न बघता हाताला कळतात, कुठल्या खोलीतला नळ आधी किती वेळ खोकतो आणि मग पाणी सोडतो हे मी गिऱ्हाइकाला वर पाठवतानाच सांगतो, म्हणजे बिचारं घाबरायला नको, आणि आता बावीस वर्षांनी माझ्या चेहऱ्यात खोट निघाली, का, तर दारावर नवा बोर्ड लागलाय. हिरवा. त्यावर एक सायकल, सायकलवर एक माणूस, माणसाला डोकं आहे पण नाक, डोळे, तोंड काही नाही, आणि खाली ही अशी अक्षरं, 'सायकलस्वारांचे सहर्ष स्वागत'. त्याला चेहराच नाही ते चालतं. माझा मात्र हसरा पाहिजे.

हे खूळ कुणी आणलं? जावईबापूंनी. मालकांचे जावई. ते स्वतः सायकल चालवतात का? छे हो, ते लिफ्टमधून निघून गाडीत बसतात आणि गाडीतून उतरून लिफ्टमध्ये शिरतात, त्यांच्या पायाला रस्ता माहीतच नाही. पण सुट्टीला कुठेसे गेले, तिथल्या हॉटेलात म्हणे सायकलवाल्यांची रीघ, आणि आल्या आल्या सासऱ्यांना म्हणाले, "पप्पा, हल्ली लोक सायकलवर हिंडतात. शिकलेले लोक. हौसेने." मालक म्हणाले, "हौसेने?" दोनदा विचारलं त्यांनी. कारण मालकांच्या हिशेबी सायकल म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही त्याचं वाहन. म्हणजे आमचं.

जावईबापूंनी यादीच आणली होती. सायकलवाल्याला काय लागतं, तर सायकलीला कोरडी, कुलपाची खोली. हवा भरायला पंप, पाने, हातोडी. चिखल धुवायला नळ. ओले कपडे वाळवायला वेगळी जागा. सकाळी लवकर न्याहारी, त्यात केळी. हे सगळं केलं की एक सायकल-संघ आहे, त्यांची माणसं येऊन तपासून जातात आणि मग आपलं नाव त्यांच्या पुस्तकात छापतात. मालकांना पुस्तकात नाव म्हटल्यावर काय, लगेच कोरडी खोली शोधायला निघाले. सापडली. मागच्या दाराला लागून, खिडकीवाली, छान. आता त्या खोलीत तेव्हा काय होतं? सायकली. आमच्या. आम्ही सात जण कामाला, सातही जण सायकलवर येतो, मी नऊ किलोमीटरवरून, आचारी सहा, आणि आमची झाडलोट नि चादरी बघणारी मावशी सात. ऐका हं नीट, सायकली ठेवायला खोली करायची म्हणून त्या खोलीतल्या सायकली बाहेर काढल्या.

कुठे काढल्या? मागे, कचऱ्याच्या ड्रमांपाशी. वर एसीची नळी आहे, ती थेंब थेंब गळते, ती बरोबर सीटवर गळते, आणि मालक मला म्हणाले, "मॅनेजर, स्टाफला सांगा, पुढून दिसायला नकोत. आपल्याकडे आता सायकलवाले येणार, त्यांना बरं नाही दिसत." सायकलवाल्यांना सायकली बघून वाईट वाटेल म्हणून सायकली लपवायच्या. आणि हे सगळ्यांना सांगितलं कुणी? मी. मीच सांगितलं. नोकरी आहे बाबा, काय करणार. मावशी फक्त एवढंच म्हणाली, "बरं भाऊ," आणि सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधून टाकली. सायकलस्वारांचे सहर्ष स्वागत.

मग पंप आला, लाल रंगाचा, मग भिंतीला सायकली अडकवायचे चकचकीत आकडे लागले, आणि आम्ही वाट बघत बसलो. एक महिना गेला. दोन गेले. आचारी रोज पहाटे सहा वाजता केळी मांडायचा आणि दहा वाजता आम्ही ती खायचो. केळ्याचा वास आला तरी मला आता मळमळतं. कोण आलं, तर औषधकंपन्यांचे ते बॅगवाले, लग्नाला आलेली मंडळी, एक दातांचे डॉक्टर. सगळे गाडीने. मी तरी काय करू, दातांच्या डॉक्टरांना सायकलवर बसवू?

आणि त्या तिसऱ्या महिन्यात मावशी उशिरा आली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. दीड तास. सायकल हातात धरून, भिजलेली, कोपरापर्यंत ग्रीस. साखळी गंजून तुटली होती वाटेत, पाच किलोमीटर ढकलत आणली तिने. आणि नेमके मालक दारात. घड्याळ बघितलं त्यांनी. तिच्याकडे नाही बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मला म्हणाले, हजेरीवर लाल शेरा मारा. मी मारला. ती हात धुऊन माझ्यासमोर आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "भाऊ, हा महिना भरते. पुढे नाही जमायचं." मी म्हटलं, अगं असं काय, एका शेऱ्याने काय होतंय? तर म्हणाली, "शेऱ्याचं नाही हो. सोळा वर्षं सायकल कोरडी होती म्हणून मी वेळेवर होते. तुम्हीच सांगितलंत ना, तिकडे लावा म्हणून." मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं आणि काहीतरी महत्त्वाचं शोधत असल्यासारखं केलं. काय शोधत होतो? काही नाही. गुरुवार होता एवढं सापडलं.

घरी गेलो तर आमची ही म्हणाली, "मावशी गेली तर तुमचं हॉटेल दोन दिवसात बसेल." आणि खरं आहे ते. पण मालकांना कोण सांगणार? मी? मला त्यांच्यासमोर पाणी हवंय हेसुद्धा सांगता येत नाही.

तेवढ्यात संघाचं पत्र. तपासनीस बाई येणार, पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. धावपळ. जावईबापू त्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "पप्पा, हे फार कोरं दिसतंय. दुकान वाटतंय. वापरात दिसलं पाहिजे." मालकांनी पाच मिनिटं विचार केला आणि मला म्हणाले, "मॅनेजर, आपल्या सायकली आणा आत." आपल्या. ड्रमापाशी होत्या तोवर तुमच्या होत्या, आत यायच्या म्हटल्यावर आपल्या झाल्या. आणल्या. धुतल्या. आचाऱ्याच्या हँडलला जावईबापूंनी स्वतःच्या हाताने हेल्मेट अडकवलं, कुठून आणलं देव जाणे. सात चकचकीत आकडे आणि त्यांना आमची सात म्हातारी घोडी. मी बघत उभा राहिलो. खरं सांगतो, भरून आलं.

अकराला बाई आल्या. कशाने? गाडीने. गुडघ्याला पट्टा होता, म्हणाल्या, तीस वर्षं सायकल मारली, आता डॉक्टर नको म्हणतात. पण नजर कशी, विचारू नका. पंप बघितला, नळ बघितला, आणि मग एकेका टायरवर अंगठा दाबत गेल्या. मावशीच्या सायकलपाशी थांबल्या. जुनी सायकल आणि कोरी करकरीत साखळी. "ही कुणाची?" मालक म्हणाले, "पाहुण्यांची." "आहेत का पाहुणे? बोलायला आवडेल मला." मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी जावईबापूंकडे बघितलं, जावईबापूंनी फोनकडे बघितलं, आणि त्याच क्षणी मावशी जिना उतरत आली. हातात चादरींचा ढीग. नशीब एवढंच की तिचा कामाचा एप्रन ओला म्हणून त्या कपडे वाळवायच्या खोलीत टांगलेला होता, खोलीचा पहिला उपयोग. मी धावलो, चादरी हिसकावल्या, आणि मालक, आमचे मालक, सोळा वर्षं जे तिला "ए, ती बादली घे" यापलीकडे काही बोलले नाहीत, ते कमरेत वाकून म्हणाले, "या मॅडम, बसा. चहा घेणार?"

मावशीने मागे वळून बघितलं, मॅडम कोण आली म्हणून. मग बसली. ज्या डायनिंग हॉलची फरशी ती रोज दोनदा पुसते तिथे खुर्चीवर पहिल्यांदा बसली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही इथेच उतरलाय का?"

मावशी म्हणाली, "हो. मागच्या दारापाशी. रोज तिथेच उतरते."

"रोज?"

मालक खोकले. म्हणाले, "म्हणजे फार जुन्या गिऱ्हाईक आहेत आमच्या."

"किती वर्षं येताय?"

"सोळा झाली. सात किलोमीटर येताना, सात जाताना. रविवार सोडून."

बाईंनी वहीच्या कोपऱ्यात काहीतरी गुणाकार केला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी तीस वर्षांत एवढी नाही चालवली. मग तुम्हीच सांगा मला, सायकलवर येणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी काय लागतं?"

आता मला वाटलं, संपलं सगळं. मावशी बाईंकडे बघून, सावकाश, जसं काय कुणी आजवर विचारलंच नव्हतं आणि उत्तर मात्र तयार होतं, असं बोलायला लागली. "पंप नसला तरी चालतो ताई, तो कोपऱ्यावर मिळतो. सीट कोरडी पाहिजे. दिवसभर मनात यायला नको की बाहेर भिजत असेल. भिजून आलं तर कपडे बदलायला दाराला कडी असलेली जागा पाहिजे. आणि उशीर झाला तर आधी घड्याळ बघू नये. आधी विचारावं, पडलीबिडलीस का वाटेत." मग चहाचा कप बाजूला सरकवत, "आणि कचऱ्याच्या ड्रमापाशी लावायला सांगू नये."

बाई म्हणाल्या, "असं कोण सांगतं?"

मावशीने मालकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सांगतात काही ठिकाणी."

माझ्या हातात अजून त्या चादरी होत्या. त्यात तोंड लपवायची सोय होती, पण नाही लपवलं. कसा काय कोण जाणे, तोंड उघडलं आणि म्हणालो, "मीच सांगितलं होतं. चुकलं." जावईबापू फोनमधून बाहेर आले. मालकांचा चहा बशीत सांडला. आणि मावशी, ती उठली, आणि सवयच ना हो सोळा वर्षांची, बोलता बोलता दोघींचे कप एकात एक ठेवले, सांडलेला चहा पुसला, आणि ट्रे उचलून थेट स्वयंपाकघरात निघून गेली. बाई त्या दाराकडे बघत राहिल्या. मग मालकांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पेन उचलून वहीत लिहिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मान्यता मिळाली. खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती, "न कळवता येऊन जाईन. त्या बाईंची सायकल त्याच आकड्याला दिसली पाहिजे, आणि त्या बाईही." मालकांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि मावशीचा लाल शेरा स्वतः खोडला. खोडताना कागद फाटला, इतका जोर लावला. सातही सायकली आता आत असतात, आम्हाला स्टाफ म्हणायचं नाही, 'नियमित सायकलस्वार' म्हणायचं, असा हुकूम आहे. मावशी राहिली. कपडे वाळवायच्या खोलीला तिने स्वतः कडी आणून लावून घेतली. मला अजून "भाऊ"च म्हणते, पण आता म्हणायच्या आधी एक क्षण थांबते. तेवढं चालायचं. माझी लायकी तेवढीच आहे. सायकलस्वारांचे सहर्ष स्वागत, त्यात माझंही आलं.

आणि मग गेल्या मंगळवारी तो आला. खरा. घट्ट कपडे, हेल्मेट, मागे दोन पिशव्या, दूरवरून आलेला. सगळं हॉटेल दारात जमलं. जावईबापू पायऱ्या उतरून खाली गेले, म्हणजे बघा. मी चेहऱ्यावर स्वागत आणलं, दोन्ही गाल दुखेपर्यंत. त्याने बोर्ड वाचला, खोली बघितली, सायकली बघितल्या, छान म्हणाला, बाटलीत पाणी भरून घेतलं आणि विचारलं, पुढचं गाव किती लांब? मी म्हटलं, नऊ किलोमीटर. तर म्हणाला, "मग निघतो, अजून उजेड आहे." आणि गेला.

मालक माझ्याकडे असे बघायला लागले जसं काय मीच त्याला हाकललं. पण तुम्हाला सांगतो, मला त्याचा जराही राग आला नाही. मी तरी बावीस वर्षं रोज सायकलवर त्या हॉटेलात जातोय... राहिलोय का एक रात्र?