मोकळा सॅमन की पाळीव?

मासा विकत घ्यायला जाऊन माशासाठीच हळवा झालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. माझाच नवरा.

ह्यांच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मटण बंद. मासे खा, सॅमन मिळाला तर उत्तमच." म्हणून आम्ही चेन्नईतल्या पेरुंगुडी भागातल्या एका थंडगार दुकानात गेलो. काचेआड दोन तुकडे होते. एक पाळीव माशाचा, फिकट आणि चरबीदार. दुसरा समुद्रात मोकळ्या वाढलेल्याचा, लालभडक.

"मोकळा घेऊ. चरबी कमी असते त्यात," मी म्हटलं.

हे त्या लाल तुकड्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "हा नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि शेवटी वास ओळखत त्याच नदीत परत जातो."

"बरं, मग?"

"मग हा घरी निघाला असेल गं."

बाहेर रस्ता उन्हाने तापला होता आणि हे मात्र कुठल्यातरी गार पाण्याच्या काठी उभे असल्यासारखे. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "दोन्ही चालतील," त्या म्हणाल्या. मग मी पाळीवच घेतला.

जेवताना ह्यांचा हात मध्येच थांबला. "वाशिष्ठीला आता भरती आली असेल, नाही?"

चेन्नईला आल्यापासून ह्यांनी आपल्या गावाचं, चिपळूणचं, नाव काढलं नव्हतं, ना तिथल्या ह्या नदीचं. मी विचारलं, "तिकिटं काढू या?"

"काढ," हे म्हणाले. "पण ओळख ठेवली असेल का गं तिने?"