पंधरा पॉइंट तीनची रिम

मी, टायर-पंक्चर दुकानाच्या मालकाची पत्नी, वय ४१ वर्षे, व्यवसाय त्याच दुकानात काउंटर व माल सांभाळणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, आज दुपारी चार वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती व सासूबाई राहतो. माझे दीर, म्हणजे पतींचे धाकटे भाऊ, यांचे नव्या टायरचे दुकान त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोघा भावांत दोन वर्षे बोलणे नाही. कारण घरगुती आहे. त्याचा आजच्या प्रकाराशी संबंध नाही.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास एक शेतकरी चाऱ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचे चाक घेऊन आले. टायर फाटला होता. चारा कापून पडला असल्याने चाक दुपारपर्यंत हवे होते. टायरवरचे आकडे मी वाचले. आमच्याकडे ते मीच वाचते, कारण पतींना चष्म्याचा कंटाळा आहे.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्या टायरवर १०.०/७५-१५.३ असे छापलेले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, इंचात. मधला पंचाहत्तर म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शंभराला पंचाहत्तर. शेवटचा आकडा म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास. रुंदीत थोडे इकडेतिकडे झाले तर एखादे वेळी निभावते. रिमचा आकडा मात्र तंतोतंत लागतो. पंधरा आणि पंधरा पॉइंट तीन यांत करंगळीच्या नखाएवढा फरक आहे, पण पंधराचा टायर त्या रिमवर कधीच बसत नाही. आज शेवटच्या आकड्यावर चिखल वाळला होता. मला १५ एवढेच दिसले. मी पुसून पाहिले नाही.

तसा टायर आमच्याकडे नव्हता. पतींना न विचारता मी दिरांना फोन करून यंत्र कोणते ते आणि आकडे सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, पंधरा म्हणजे पंधराच ना? पुढे पॉइंट-बिइंट काही नाही ना?" मी म्हणाले, "भाऊजी, वीस वर्षं आकडेच वाचतेय. मला नका शिकवू." त्यांनी अकरा एल पंधरा हा टायर टेम्पोने पाठवला. अकरा ही रुंदी, एल म्हणजे बुटक्या बांध्याचा, पंधरा रिम. मी जे सांगितले तेच त्यांनी पाठवले. टायर कुठून आला हे पतींनी विचारले नाही. सोबतच्या चिठ्ठीवरचे अक्षर त्यांनी पाहिले आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

अकराच्या सुमारास पतींनी हवा भरायला घेतली. टायरची एक कडा रिमवर बसली, दुसरी बसेना. साबणपाणी लावून झाले. मग त्यांनी हवा वाढवली. कॉम्प्रेसर चालू असताना दुकानात कोणाचे काही ऐकू येत नाही. इतक्यात दीर मोटारसायकलवरून आले. गाडी स्टँडला न लावता त्यांनी तशीच आडवी टाकली आणि ओरडत आत धावले, "दादा, हो बाजूला! पंधरा पॉइंट तीनची आहे ती!" पती पाठमोरे वाकलेले होते. दिरांनी मागून त्यांची कॉलर धरून त्यांना दाराबाहेर ओढले. दोघे पायरीच्या दगडावर पडले आणि त्याच क्षणी टायर फुटला. रिम छताचा पत्रा फाडून वर गेली. पतींचे डोके जिथे होते तिथूनच ती गेली. हे मी काउंटरवरून प्रत्यक्ष पाहिले.

टायर पाठवल्यावर दिरांच्या मनात पाल चुकचुकली होती. तसल्या यंत्राला पंधराची रिम त्यांनी कधी पाहिली नव्हती. माझ्या मोबाईलवर त्यांचे सहा मिस्ड कॉल आहेत. ते मी हवालदारसाहेबांना दाखवले.

आवाजाने लोक जमले. त्यांनी पाहिले ते एवढेच की पती रक्तबंबाळ खाली पडले आहेत आणि त्यांची कॉलर दिरांच्या मुठीत आहे. भावांचे वाकडे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. शेजारचे वेल्डर म्हणाले, "मुद्दाम चुकीचा टायर पाठवला, आणि वर मारायलाही आला." लोकांनी दिरांना धरून येथे आणले. मी त्यांना अडवले नाही. मी पतींबरोबर दवाखान्यात गेले.

पतींचे मनगट मोडले आहे. कपाळाला चार टाके आहेत. एका कानाने कमी ऐकू येते, ते आठवड्याभरात सुधारेल असे डॉक्टरांनी सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "जिवावरचं मनगटावर निभावलं." ते ऐकल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले, म्हणून येथे येण्यास उशीर झाला.

येथे येण्याआधी दुकानात जाऊन जुना टायर मी पुसला आहे. पूर्ण आकडा स्पष्ट वाचता येतो. चूक माझी आहे. दिरांविरुद्ध माझी किंवा पतींची कसलीही तक्रार नाही.

हा जबाब वाचून दाखवणे चालू असताना माझ्या मोबाईलवर पतींचा फोन आला. कानामुळे ते ओरडून बोलत होते, त्यामुळे बाकावर बसलेल्या दिरांसह सर्वांना ऐकू गेले. त्यांनी विचारले, "तो जेवला का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग घेऊन ये त्याला. आईने दोघांचा डबा आणलाय."

दिरांनी तोंड धुऊन येण्याची परवानगी मागितली. ती देण्यात आली. उरलेला जबाब ते परतल्यावर वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच तो उतरवला आहे, खरा आहे, म्हणून खाली सही करते.