डाव्या सीटखालचा कप्पा

(गॅरेज, दुपारचे दोन. मधोमध एक जुनी, डोंगरात चालणारी जीप. धाकटी चाकांच्या खुर्चीत; मास्तर तिचा नवरा, मिस्त्री थोरला भाऊ. तिच्या गळ्यात नळी आहे. एका दमात तिला दोन-तीन शब्दच बोलता येतात.)

मास्तर : सीटखालचा कप्पा बाहेरून कापा म्हणतोय ना मी, दादा.

मिस्त्री : आणि मी नाही म्हणतोय. बाहेरच्या बाजूने पत्रा कापला की सगळी चौकट ढिली पडेल. सात वर्षं घातलीत या जीपवर, भाऊजी. बाबांची गाडी मी कोंबड्यांच्या खुराड्यातून बाहेर काढली. एक पत्रा बदलला नाही. एक!

धाकटी : कोंबड्या... तेवढ्या बदलल्या.

मिस्त्री : तू गप गं.

मास्तर : पाचला अॅम्ब्युलन्स पुलावर येणार आहे. हिची नळी आजच बदलायची आहे, डॉक्टरांनी उद्यावर टाकू नका म्हणून बजावलंय. अॅम्ब्युलन्स पुलापुढे डोंगर चढत नाही. आपल्या दारापासून पुलापर्यंत नऊ किलोमीटर नुसते दगड, दीड तास लागतो. ही एकच गाडी उतरते.

मिस्त्री : उतरतेच की. मग अडलंय कुठे?

मास्तर : कफ ओढायचं यंत्र हिच्याच सीटखाली आहे, तिथे अडलंय.

मिस्त्री : दुसरीकडे ठेवा.

मास्तर : कुठे? मागे हिची खुर्ची आणि ऑक्सिजनचा सिलेंडर. पायाशी ठेवलं होतं, तर पहिल्याच खड्ड्यात उडून फुटलं. नवीन येईपर्यंत महिनाभर पायाने दाबायच्या पंपावर काढला. मांडीवर ठेवलं तर धरणार कोण? हिचे हात चालत नाहीत, माझे स्टिअरिंगवर. तिसरं माणूस आहे कुठे? तुम्हाला काही म्हटलं नाही मी.

मिस्त्री : म्हटलंत. राहू द्या. कप्प्याला काय धाड भरलीय? झाकणाला चार पकडी बसवल्यात, कडेने रबर लावलंय. आत काचेचे पेले ठेवा, वाजणार नाहीत.

मास्तर : वाजत नाही. उघडतही नाही.

मिस्त्री : उघडत नाही? मी स्वतः शंभरदा उघडून बघितलाय.

मास्तर : ही वर बसलेली असताना?

धाकटी : रिकाम्या सीटवर... बघितलंस.

मास्तर : झाकण वरच्या बाजूला उघडतं. वर ही असते. गेल्या मंगळवारी तिसऱ्या वळणावर कफ अडकला. गाडी थांबवली, उतरलो, चाकाला दगड लावला, वळसा घालून आलो, पट्टा सोडला, हिला उचललं, खाली दगडांत झोपवलं, मग गादी काढली, मग तुमच्या त्या चार पकडी. ओठ निळे पडले होते, दादा. शाळेत मी पोरांना शर्यतीला पळवतो, सेकंद मोजायचं घड्याळ गळ्यातच असतं. कसं कोण जाणे, ते दाबलं गेलं होतं. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद.

मिस्त्री : मला सांगितलं नाहीत.

मास्तर : फोन केला होता. तुम्ही म्हणालात, गाडीचं काही असेल तर बोला.

धाकटी : दादा... बस तू.

मिस्त्री : कुठे?

धाकटी : माझ्या जागी.

मास्तर : बसाच. पट्टा लावा. ढिले बसा. अजून ढिले. हात तुमचे नाहीत. मान तुमची नाही.

मिस्त्री : मान नाही म्हणजे कसं...

धाकटी : नाही म्हणजे... नाही.

मास्तर : हे घड्याळ हिच्या मांडीवर ठेवतो, ही सांगेल. मी स्टिअरिंगवर बसतो. श्वास रोखा. तुम्ही गुदमरलात. चालू.

धाकटी : दहा.

मास्तर : उतरलो. दगड. वळसा. पट्टा, हा पट्टा मेला...

धाकटी : तीस.

मास्तर : या खांद्यावर. अहो, पाय टेकू नका! हिला टेकता येतात का?

धाकटी : पन्नास.

मास्तर : आई गं. कंबर. थांबा जरा. नाही, थांबायचं नाही. पुन्हा उचलतो. तुम्ही श्वास घेतलात!

मिस्त्री : घेतला! मरू की काय?

धाकटी : सत्तर.

मिस्त्री : सोडा मला. भाऊजी, सोडा, कायमचे वाकून बसाल. सोडा म्हणतो ना! आणि तू बंद कर ते मोजणं!

धाकटी : झाकण... अजून... उघडलं नाही.

मास्तर : मी रात्री झोपेतही उतरतो, दादा. दगड लावतो. वळसा घालतो. पोचत नाही. कापा ना. हात जोडतो तुमच्यापुढे.

मिस्त्री : हात खाली करा आधी. आणि स्टिअरिंगवर बसा. बसा हो. मी पुन्हा गुदमरलो. काय कराल?

मास्तर : उतरेन.

मिस्त्री : त्याच्या आधी. मगाशी उतरण्याआधी तुमचा डावा हात इथे आला, दोन सीटच्या मध्ये. कशाला?

मास्तर : कोण जाणे. दर वेळी जातो. तिथे काही नसतंच.

मिस्त्री : तिथेच कापतो. बाहेरून नाही, आतून. ही मधली बाजू काढली की चौकटीला धक्का नाही. आत सरकता खण बसवतो, तो तुमच्याकडे येईल. ती जागची हलणार नाही.

मास्तर : मग लावा ना ग्राइंडर! सव्वादोन झाले.

मिस्त्री : ग्राइंडर? तुमच्या बुडाखाली पेट्रोलची टाकी आहे. एक ठिणगी उडाली की आपण तिघंही वेळेच्या आधी पोचू.

धाकटी : पुलाच्याही... पुढे.

मिस्त्री : हसा. करवतीने कापावं लागेल, हाताने. ते पोतं भिजवून टाकीच्या बाजूला धरा. आणि पात्यावर पाणी सोडत राहा. थेंब थेंब, आंघोळ नको.

.

मास्तर : अडीच.

.

मास्तर : पावणेतीन. अर्धंही झालं नाही.

मिस्त्री : तुम्ही बोललात की पातं फसतं.

.

मास्तर : दादा, थांबा. घरघर ऐकू येतेय. यंत्र, टेबलावरचं यंत्र द्या इकडे!

मिस्त्री : घ्या. मी... मी नवीन पातं घेऊन येतो बाहेरून.

धाकटी : पातं... हातात...

मास्तर : बोलू नको तू. जाऊ दे त्यांना. मान मागे टेक. हां. आलं. अजून थोडं. आलं सगळं. श्वास घे. घे ना गं. हां.

.

मिस्त्री : झालं?

मास्तर : झालं. पातं कुठाय?

मिस्त्री : मिळालं नाही. धरा ते पोतं.

.

मिस्त्री : हा माझा पान्यांचा ट्रे. मापात बसतोय. कडी एकच ठेवतो, अंगठ्याने उघडणारी. कडांना रबर लावलंय, हात कापणार नाही. किती वाजले?

मास्तर : तीन वीस. दहा मिनिटांत निघायला हवं.

मिस्त्री : बसवा तिला. मी धरतो पायाकडून. हां. घड्याळ लावा. चालू.

मास्तर : ब्रेक. डावा हात. कडी. खण. यंत्र बाहेर. किती?

धाकटी : नऊ.

मास्तर : नऊ! दादा, नऊ सेकंद! अहो, नऊ...

मिस्त्री : थांबू नका. यंत्राची नळी गळ्यापर्यंत न्या. घड्याळ चालू आहे.

मास्तर : हो. यंत्र मांडीवर. बटण. एका हातात नळी, दुसऱ्याने गळ्यातल्या नळीवरची झडप... हिची मान पुढे पडतेय. मान धरली तर झडप सुटते. थांब, असं... नाही. असं.

धाकटी : चाळीस.

मास्तर : त्या दिवशी झोपवली होती, जमिनीने मान धरली होती. घरी उशी असते. इथे बसल्या जागी... पट्ट्याने बांधू का कपाळ?

धाकटी : साठ.

मास्तर : मला तिसरा हात कुठून आणू? सांगा ना! कापून झालं, सगळं झालं, आणि मला हात पुरत नाहीत! दादा, काहीतरी बनवा. पट्टी, कडी, काहीही बनवा!

मिस्त्री : त्याची कडी बनत नाही.

धाकटी : दादा.

मिस्त्री : अगं, मला बघवत नाही ते. लोखंडाला मी दिवसभर भोकं पाडतो, काही वाटत नाही. तुझ्या गळ्यातलं ते... लहानपणी तू त्याच गळ्यातून माझ्या नावाने बोंबलायचीस, तीन घरं ऐकायची.

धाकटी : माझ्याकडे... बघू नको. नळीकडे बघ.

मिस्त्री : भाऊजी, मागे माझ्यापुरती जागा होईल?

मास्तर : खुर्ची घडी करून बाहेर स्टेपनीवर बांधली तर होईल.

मिस्त्री : बांधा. आणि...

मास्तर : काय?

मिस्त्री : नळी किती आत घालायची?

धाकटी : आधी... हात धू.