मोगऱ्यापाशी आंघोळ

बहात्तरचा दुष्काळ. जानेफळच्या स्टँडवर मेहकरची मोटार येईपर्यंत माझ्यामागं दोघी बोलत होत्या.

“मनकर्णाबाई, गावात प्यायले पाणी नाही अन् तुमच्या मोगऱ्याले एवढे फुलं?”

“आमच्या ह्यायनं न्हाणीतला दगड मोगऱ्यापाशी नेला, विमलबाई. तिथंच आंघोळ करत. सारं पाणी मुळायले.”

“साबणाचं पाणी?”

“साबण कवाच सोडला. मोगऱ्याले झोंबते म्हणत.”

“पण ते तर मेहकरले दवाखान्यात हायेत ना?”

“हाव. त्यायलेच नेऊन राह्यले हे फुलं.”

“मंग आता त्या दगडावर कोण बसते वं?”

“तेच इचारतील पहिले. मी काई बोलणार नाही. केस मुद्दाम ओलेच ठेवले.”