पाचवी कडी

आर्डिस: शहाण्णव सालचा नोव्हेंबर. त्यानंतर ट्रेलरच्या या साखळीला कुणी हात लावलेला नाही, म्हणून गंजलीय. तेलाचा हात फिरव, सुटेल.

टेस: आणि या एका कडीवर लाल कसलं आहे, आजी?

आर्डिस: माझा नखांचा रंग. ती पाचवी कडी. लॉइड म्हणायचा, टोकाकडून चार लोंबत ठेव आणि पाचवी अडकव. मी दांडीकडून मोजायची, तो टोकाकडून, आणि हिवाळ्यासाठी टेक्सासला निघायच्या दिवशी दरवर्षी आमचं वाजायचं. शेवटी मी रंगच लावून टाकला. नवरा टिकला, भांडण मिटलं.

टेस: माझा भाऊ तर म्हणाला, ट्रेलर पिकअपमागच्या लोखंडी गोळ्यावर बसवला की झालं. दांड्या नि साखळ्या हा म्हाताऱ्यांचा खेळ.

आर्डिस: भाऊ धडधाकट आहे ना अजून? मग नशीबवान आहे. ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या अंगावर बसतं. बूड खाली जातं, तोंड वर येतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं, गाडी ऐकत नाही. या दांड्या साखळीने ताणल्या की ओझं परत पुढच्या चाकांवर जातं. जोडायच्या आधी पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजायची, जोडल्यावर पुन्हा मोजायची. दोन्ही आकडे सारखे आले तर निघायचं.

टेस: एवढंच?

आर्डिस: एवढंच. एवढ्यावर मी त्याला सात आठवडे या अंगणात अडकवून ठेवलं.

टेस: नवऱ्याला? कशासाठी?

आर्डिस: त्या ऑगस्टमध्ये धान्याच्या कोठारावरून घरी येताना तो रस्ता चुकला. चाळीस वर्षांचा रस्ता. माइनॉटच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, याच्या हातात गाडी देऊ नका. मी रात्री जेवताना त्याला सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला आणि ताटाकडे बघत बसला. सकाळी सगळं विसरून मला विचारतो, निघायचं कधी? पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच चेहरा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. तिसऱ्या सकाळी माझ्याने झालं नाही.

टेस: नाहीच होत. मी नर्स आहे, रोज बघते दवाखान्यात.

आर्डिस: सगळं विसरायचा, पण टेक्सास विसरायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ मर्ल तिथे होता. सोळा हिवाळे आमचे ट्रेलर शेजारी शेजारी लागले. त्या वर्षी मर्लची फुप्फुसं गेली होती. फोनवर म्हणाला, नाताळ काही दिसत नाही, लवकर ये. झालं. उठला की लॉइडचं एकच, मर्ल वाट बघतोय.

टेस: मग तुम्ही चालवायची ना गाडी.

आर्डिस: एकदा किराणा दुकानाच्या मैदानात ट्रेलर ओढून पाहिला. दिव्याचा खांब आडवा केला. बसने जाऊ म्हटलं, तर म्हणाला, "मर्लच्या दारात पिशवी घेऊन उतरू? पाहुण्यासारखा?"

टेस: मग?

आर्डिस: मग एक दिवस त्याने ट्रेलर जोडायला काढला. टेपवरचे आकडे त्याला लागेनासे झाले होते, म्हणून वाचायचं माझ्याकडे. जोडायच्या आधी मडगार्डची उंची साडेतेहेतीस इंच होती. त्याने बरोबर पाचवी कडी अडकवली, खडीवर आडवा पडला आणि विचारलं, "किती?" साडेतेहेतीसच होती. केसाचाही फरक नव्हता. मी म्हणाले, "अर्धा इंच वर आहे."

टेस: आजी.

आर्डिस: त्याने कडी बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. न्याहारी झाली की साखळी ताणायची पहार घेऊन बाहेर, दुपारपर्यंत. संशय येऊ नये म्हणून मी कधी वर सांगायची, कधी खाली.

टेस: आम्हीसुद्धा अशा पेशंटशी खोटं बोलतो. आई येतेय, गाडी येतेय म्हणून सांगतो. त्यात पाप नाही.

आर्डिस: तुम्ही गाडी येतेय म्हणता. मी त्याला तुझे हात चुकतायत म्हटलं. अर्ध्या तालुक्याची यंत्रं दुरुस्त केलेले हात होते ते. पहिल्या आठवड्यात साखळीला शिव्या दिल्या, दुसऱ्यात पिकअपला. नंतर शिव्याच बंद झाल्या. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी बर्फ पडलं. त्याने पहार पुसली, खिळ्याला लावली आणि म्हणाला, "आर्डिस, मला हे आता येत नाही. मर्लला तू सांग."

(टेस ट्रेलरच्या पायरीखालून एक लाकडी पट्टी बाहेर काढते.)

टेस: ही पट्टी इथे जपून ठेवलेली दिसते. पेन्सिलीने काहीतरी खुणा केल्यात.

आर्डिस: दे इकडे. नाही, राहू दे, बघ तू. तो वृद्धाश्रमात गेला त्या वसंतात मला सापडली. टाकवली नाही. आकडे वाचता येईनात म्हणून त्याने गुपचूप पट्टी कापली होती. मडगार्डला लावून जोडायच्या आधी एक रेघ, जोडल्यावर दुसरी.

टेस: पण या दोन्ही एकाच जागी आहेत. एकीवर एक.

आर्डिस: हो.

टेस: म्हणजे पट्टी त्याला सांगत होती, बरोबर आहे म्हणून. मग वर ही एवढी मोठी फुली का मारली?

आर्डिस: मी सांगितलं होतं ना, अर्धा इंच वर आहे.

टेस: आणि मर्ल?

आर्डिस: नाताळला चार दिवस होते तेव्हा गेला. शेजारच्या जागेवर शेवटपर्यंत कुणाला ट्रेलर लावू दिला नाही म्हणे. त्याच्या बायकोने, बर्निसने लिहिलं, लॉइडला एक साखळी लावणं जमू नये? मी उत्तर दिलं नाही. तीही गेली तीन वर्षांपूर्वी, तोच राग मनात घेऊन. लॉइड पुढे चार वर्षं होता. शेवटी मला ओळखायचा नाही, पण कुणी गाडीचं नाव काढलं की दोन्ही हात पांघरुणाखाली लपवायचा. मी ऐंशी पूर्ण केली, आणि हा ट्रेलर तू घेतलास, आता तुझ्यामागून ॲरिझोनाला निघाला. आमच्यातला कुणीतरी दक्षिणेला पोचेल.

टेस: पाचवीच अडकवलीय, आजी. माझ्या पिकअपची उंची आधी छत्तीस इंच होती. टेप धरता? आता किती आहे?

आर्डिस: टेप मी धरते. आकडा तू वाच.