दोन्ही वेळा तेच उत्तर

...आणि वर मलाच म्हणते, ‘आजी, तू माझी पदवी बुडवलीस!’ मी? अहो, तुम्हाला सांगते, मी आपली मदत केली! आमची नात इंगविल्ड त्रॉनहाइमच्या विद्यापीठात शिकते ना, तिनं एक प्रश्नावली केलीय, विद्यार्थी दुसऱ्याला किती मदत करतात ते मोजायची. माप! मदतीचं! बरं, एकदा मापून भागत नाही. त्याच पोरांनी दोन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा सोडवायचे, उत्तरं जुळली तर माप खरं, नाही जुळली तर पदवी लटकली. पहिल्यांदा सगळ्यांनी झोकात खुणा केल्या, ‘मी नेहमी मदत करतो’, ‘मी नेहमी मदत करते’... आणि दुसऱ्यांदा बोलावलं तर एक फिरकेल तर शपथ! पोर रडकुंडीला आली.

मग? मी आपली मदत केली. पोरं कोण, तर आमच्याच इमारतीत भाड्यानं राहणारी. म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात बोलाव, वॉफल करते, वर तपकिरी चीज. आली की हो धावत!

त्यातला एइविंड बसला माझ्यासमोर. प्रश्न काय, ‘दुगनादला जाता का?’ आता दुगनाद म्हणजे, बर्फ वितळलं की सगळ्या इमारतीनं मिळून अंगण झाडायचं, त्या दिवशी घरात बसेल त्याचं तोंड कुणी बघत नाही इथं. आणि हा गडी खूण करतोय, ‘नेहमी’! मला राहवेना. ‘काय रे, परवा सगळे खराटे घेऊन उभे होते, तेव्हा सायकलींच्या खोलीत कोण लपलं होतं?’

‘मी... चाकात हवा भरत होतो, आजी.’

‘सकाळपासून दुपारपर्यंत? विमानाचं चाक होतं का रे?’

लाजला बिचारा. खोडलं, ‘कधीच नाही’ केलं. ते बघून शेजारच्या मारितनं खोडलं, मग सगळ्यांनीच... खरं बोलायची नुसती साथ आली हो! म्हटलं वा, काय मदत केली मी!

तर हाल्डिस, इंगविल्डची प्राध्यापिका, तिला फोनवर म्हणते, ‘पहिली उत्तरं एक, दुसरी भलतीच. माप विश्वासार्ह नाही.’ मी फोन हिसकावला. ‘अगं बाई, पहिली खोटी होती, ही खरी आहेत!’ तर सुस्कारा टाकून म्हणते कशी, ‘आजी, दोन्ही वेळा तेच खोटं बोलले असते, तरी आकडे जुळले असते.’

ऐकलंत?

आता पुन्हा पहिल्यापासून. इंगविल्डनं पार दुसऱ्या शहरातली, बर्गनची पोरं धरलीत, मी एकालाही ओळखत नाही अशी बघून. नाही जात बाई तिकडे. बोलू देत खोटं, दोनदा बोलू देत, फक्त एकसारखं बोलू देत... आमची पोर तेवढी पास होऊ दे.